शेतकऱ्याने गावच्या मुलांचा मार्गदर्शक व्हावे काय?

शेतकऱ्यांची सभा बोलवावी आणि सभेस शेतकरीच येऊ नयेत, हा अनुभव आपल्या संघास नवा नाही. सतरंज्या अंथरलेल्या असतात, पाहुणे वेळेवर आलेले असतात, हार सुकत असतात. येत नाहीत ते ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला तेच. अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात मकूपिन नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा एक विभाग, आहे. तेथील शेतकरी-सभेचे चालक विल ऑटवेल यांजवर १९०० च्या आसपास हाच प्रसंग आला होता. निमंत्रणे धाडून झाली, वक्ते आणून झाले, तरी सभागृह रिकामे. तेव्हा या गृहस्थाने थोरांचा नाद सोडला आणि मुलांस हाताशी धरले. मक्याचे उत्तम बियाणे मिळवून ते त्याने मुलांस थोडे थोडे वाटले, आणि जो सर्वांत चांगली कणसे आणून दाखवील त्यास बक्षीस लावले. सुमारे ५०० मुलांनी बियाणे नेले. पुढे कणसे घेऊन मुले सभेस आली, आणि मुलांच्या मागोमाग त्यांचे बापही आले.

ही हकीकत आम्ही करमणुकीसाठी सांगितलेली नाही. आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे गावोगाव मुलामुलींची शेती-मंडळे काढण्याचा प्रश्न यावयाचा आहे, आणि त्यावर जी चर्चा आमच्या कानी आली ती सर्व पैशाची आहे. शेड कोठे उभारावी, अनुदान कोणत्या खात्यातून मागावे, उद्घाटनास कोणास बोलवावे, हेच प्रश्न जो तो विचारतो. त्या मुलांजवळ दर रविवारी सकाळी बसणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाही. आमच्या मते सारे मर्म तेथेच आहे, आणि म्हणून ज्या देशात हे काम शंभराहून अधिक वर्षे चालले आहे तेथील रीत वाचकांपुढे ठेवून, आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडू इच्छितो.

ओहायो संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे १५ जानेवारी १९०२ रोजी ए. बी. ग्रॅहम या शाळाधिकाऱ्याने काउंटीच्या न्यायकचेरीच्या तळघरात काही मुलामुलींस जमवून पहिले मंडळ सुरू केले. मातीत आम्लता किती हे लिटमस कागदाने पाहावे, निवडक मका लावावा, बागेत भाजी करावी, आणि जे केले ते लिहून ठेवावे, एवढाच कार्यक्रम. दक्षिणेत साउथ कॅरोलायना संस्थानातील एकन येथे मेरी क्रोमर नावाच्या शिक्षिकेने १९१० साली मुलींची टोमॅटो-मंडळी काढली. मुलगे एकेक एकर मका करीत. मुलींस तिने एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या मापाने चार गुंठे, टोमॅटोस दिला आणि निघालेला माल डब्यांत भरून टिकविण्यास व विकण्यास शिकविले. १९१४ साली तेथील काँग्रेसने स्मिथ-लीव्हर कायदा करून कृषी महाविद्यालयांच्या विस्तारकार्यास सरकारी पैसा दिला, आणि ही विखुरलेली मंडळे एका व्यवस्थेखाली आली. तिचे नाव फोर-एच. इंग्रजीत मस्तक, हृदय, हात व आरोग्य या चारही शब्दांचे आद्याक्षर एच. म्हणून चार पानांची हिरवी पाती हे त्यांचे चिन्ह. गंमत अशी की चौथा शब्द आरंभी 'आरोग्य' नव्हता, 'धडाडी' या अर्थाचा होता. पुढे त्याच्या जागी 'आरोग्य' हा शब्द आला. ही दुरुस्ती आम्हांस फार आवडते.

आज त्या संस्थेच्या कार्यक्रमांत सुमारे ६० लाख मुले भाग घेतात, असे ती संस्था सांगते. इतक्या मुलांस पुरतील इतके पगारी नोकर कोणतेही सरकार ठेवू शकणार नाही. काउंटीत विस्तार खात्याची दोन-चार माणसे असतात. त्यांचे काम साहित्य पुरविणे, प्रशिक्षण देणे आणि हिशेब पाहणे. मंडळ प्रत्यक्षात चालविते ते कोणी शेजारचे माणूस: एखादा गोपालक, एखादी गृहिणी, निवृत्त शिक्षक, यंत्रदुरुस्ती करणारा. त्यास वेतन नाही. स्वतःस जे एक काम चांगले येते ते तो मुलांस शिकवितो, आणि जे येत नाही ते मुलांबरोबर शिकतो. भाषणाच्या कलेचा यात काही उपयोग नाही. उलट आम्ही तर म्हणू की ज्यास भाषणाची हौस आहे त्यास या कामापासून चार हात दूर ठेवावे.

'करून शिकावे' हे त्यांचे ब्रीद. ऐकावयास सोपे आहे; परंतु जो वडीलधारा या कामास लागतो त्यास या दोन शब्दांचा अर्थ फार जड जातो, कारण करून शिकण्यात बिघडवून शिकणेही येते. मुलाचा वाफा सुकतो आहे हे दिसत असता हात बांधून उभे राहणे शेतकऱ्याच्या स्वभावास मानवत नाही. याबाबत आमचाच एक दोष आम्ही कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात गावच्या नऊ मुलांस एकेक गुंठा आखून दिला. कोणी मेथी केली, कोणी कांदा, एकाने लसूण लावला. लसूणवाला मुलगा आरंभी उत्साही; मग जत्रा आली, मामाचे गाव झाले, आणि त्याचा वाफा पिवळा पडू लागला. आमच्या पाळीस वीज रात्रीची होती. उसास पाणी देता देता आम्ही त्याच्या वाफ्यासही पाणी सोडले. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. खुरपणीही उरकून घेतली. लसूण उत्तम आला. काढणीच्या दिवशी बाकीची आठ मुले पाट्या घेऊन हजर, हा मात्र बांधावरच उभा. हाक मारली तेव्हा म्हणाला, "तात्या, पाणी तुम्हीच पाजलंसा, आता काढायबी तुम्हीच काढा." तो पुन्हा मंडळात आला नाही. त्याचा वाफा आम्ही सुकू दिला असता तर तो कदाचित रडला असता, पण पुढच्या हंगामात आला असता, असे आम्हांस आजही वाटते.

अमेरिकेतील मंडळांतही हे दुखणे जुनेच आहे. मुलाच्या नावावर बापाने पोसलेले वासरू प्रदर्शनात उभे राहते आणि बक्षीस घेऊन जाते, ही कुरबुर तेथे नेहमीची. त्यावरचा उपाय म्हणजे नोंदवही. मुलाने काय पेरले, केव्हा पेरले, बियाण्यास काय पडले, खत किती घातले, किती तास राबला, काय विकले, हे सर्व त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावयाचे. प्रारंभीच्या मका-मंडळांत तर बक्षीस ठरविताना पिकाच्या मापाइतकेच गुण नफ्याच्या हिशेबास असत, आणि पिकाचा लेखी इतिहास व मालाचा नमुना यांसही गुण असत. हे शहाणपण अनुभवाने आले. १९१० साली साउथ कॅरोलायनात जेरी मूर नावाच्या मुलाने एका एकरात २२८¾ बुशेल मका काढला. बुशेलभर मका म्हणजे सुमारे २५.४ किलो, तेव्हा हे पीक एकरी ५८ क्विंटलांवर गेले. त्या काळी त्या संस्थानाची सरासरी २० बुशेलांच्या आतबाहेर होती. देशभर त्याचा गवगवा झाला. परंतु नुसत्या उच्चांकाच्या मागे लागले तर मूल खताची पोती ओतावयास शिकते, शेती शिकत नाही, हे आपल्याकडील पीकस्पर्धा पाहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. आपल्यातील किती जणांजवळ स्वतःच्या उसाचा वा सोयाबीनचा असा पानापानाचा हिशेब आहे? मुलाने वही पुढे करून "तुमची कोठे आहे?" असे विचारले तर काय उत्तर द्यावे, याचा विचार मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्याने आधीच करून ठेवावा. आम्हांस त्या प्रश्नाने वही घालावयास लावले.

पैशाची गोष्टही येथेच सांगून टाकू. पिकाचा पैसा मुलाचा. तो बापाच्या खिशात जाता कामा नये, मंडळाच्या निधीतही नव्हे. अमेरिकेत प्रारंभीच्या काळात गावोगावचे पेढीवाले या मुलांस डुकराचे पिल्लू किंवा वासरू घेण्यास स्वतंत्र कर्ज देत. मूल ते वाढवून विकी व कर्ज फेडी. वासरू विकण्याच्या दिवशी डोळ्यांस पाणी येणारी मुले तेथील जत्रांत आजही दिसतात. हे निष्ठुर आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने जनावर पाळले, त्याचे दूध-दाणे मोजले आणि बाजारात त्यास सोडून रिकामे दावे घेऊन घरी आला, त्यास शेतकऱ्याच्या धंद्याविषयी पुस्तकातून सांगण्याजोगे फार उरत नाही.

आता एका अशा बाबीकडे वळतो की जिच्याविषयी आपल्या सभांत मोघम बोलण्याची चाल आहे. फोर-एचचा इतिहास सर्वच अभिमानास्पद नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या मुलांची मंडळे वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी, अशी विभागणी कित्येक दशके चालली. शिबिरे निराळी, अधिकारी निराळे, पैसाही असमान. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच ही भिंत पडू लागली. चार पानांच्या त्या हिरव्या चिन्हाखाली हे घडले, हे विसरून त्या संस्थेची नुसती स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि आपल्या गावाकडे न पाहता तिला नावे ठेवणे त्याहून अप्रामाणिक. आपल्या गावी मंडळ निघेल तेव्हा पहिला प्रश्न जमिनीचा येईल. ज्याच्या बापास जमीन आहे तो मुलगा बापाच्या रानात गुंठा मागेल. ज्याच्या बापास जमीन नाही, जो आपल्याच बांधावर खुरपे घेऊन येणाऱ्या बाईचा मुलगा आहे, त्याने कोठे पेरावे? त्यास वगळले तर ते मंडळ जमीनदारांच्या मुलांचा मेळा होईल आणि काही दिवसांत एका आळीचे, एका जातीचे होऊन बसेल. म्हणून आमचे म्हणणे असे की मुलांचे वाफे बापांच्या शेतांत नसावेतच. एका ठिकाणी, एका विहिरीवर, एकाच मापाचे असावेत, आणि कोणता वाफा कोणाचा हे चिठ्ठी टाकून ठरवावे. दहा मुलांस दहा गुंठे लागतात, म्हणजे पाव एकर. देशातील सरासरी वहिवाट २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.०८ हेक्टर, पावणेतीन एकरांच्या आत, आहे हे आम्ही जाणतो. पाव एकर सर्वांस सोडवणार नाही. परंतु गावात निदान एका घरास तो सोडवतो, आणि या मासिकाचे वाचक बहुधा त्याच घरचे असतात.

याची परंपरा आपणांस परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह उघडले त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, स्वयंपाक व शेतीचे श्रम स्वतः करीत. त्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ही मुले घरची नव्हती, आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्यांस मोबदला नव्हता. पाव एकर आणि काही रविवार यांची त्या त्यागाशी तुलना करावयाची झाली तर आपणांस लाज वाटावी इतके हे मागणे लहान आहे.

मुलींविषयी दोनच वाक्ये पुरेत. मुलींस मंडळात घ्यावे की नाही असा प्रश्न एका गावच्या बैठकीत निघाल्याचे आम्ही ऐकले. ज्या गावात लावणी, खुरपणी आणि काढणी बाया करतात तेथे हा प्रश्न कसा निघतो, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. मुलीचा वाफा तिच्या नावे, तिची वही तिच्या हाती आणि तिचा पैसा तिच्या खात्यात, एवढे झाले तर बाकीचे ती पाहून घेईल.

मार्गदर्शक कोणास नेमावे, याबाबत मात्र आम्ही कडक आहोत. परोपकाराची इच्छा सांगणारा प्रत्येक मनुष्य मुलांजवळ ठेवण्यास योग्य असतोच असे नाही. फोर-एचमध्ये स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्यास अर्ज करावा लागतो, त्याच्याविषयी इतरांकडे चौकशी होते, पोलीस-दप्तरी त्याचे नाव आहे काय हे पाहिले जाते, आणि प्रशिक्षण घेतल्यावाचून त्याच्या हाती मुले दिली जात नाहीत. एकट्या मोठ्या माणसाने मुलांबरोबर एकांती राहू नये, दोन वडीलधारे असावेत, असाही दंडक आहे. आपल्याकडे असे काही सुचविले की लोक म्हणतात, "अहो, तात्यांस कोण ओळखत नाही? त्यांची चौकशी कसली करता?" आमची विनंती आहे की चौकशीचा आरंभ आमच्यापासूनच करावा. गावचा माणूस ओळखीचा असतो म्हणूनच त्याच्याविरुद्ध मुलाचा शब्द कोणी ऐकत नाही. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने तर असा अपराध घडल्याचे ज्यास कळेल त्याने तो पोलिसांस कळविणे बंधनकारक केले आहे. गावची अब्रू म्हणून झाकून ठेवणे हा स्वतःच गुन्हा आहे. त्याचप्रमाणे औषधफवारणी, विहिरीची मोटर आणि विजेची पेटी यांस मुलांनी हात लावू नये, हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि दर रविवारी पुन्हा सांगावे.

आणखी एक मोह टाळावयास हवा. मंडळाचे नाव ज्या दिवशी वर्तमानपत्रात येईल त्या दिवशी कोणी पुढारी त्यास आपल्या नावाची टोपी घालावयास येईल. मुलांस रांगेत उभे करून स्वागतगीत म्हणावयास लावणे ही आपल्याकडील सर्वांत सोपी समाजसेवा आहे. ज्या रविवारी कांद्याची खुरपणी आहे त्या रविवारी खुरपणीच होईल, पाहुण्यांनी हवे तर खुरपे घेऊन यावे, असे म्हणण्याची धमक मार्गदर्शकात नसेल तर दोन वर्षांत वाफ्यांच्या जागी मंडप उभा राहील.

आता मुख्य आक्षेप. कित्येक वाचक म्हणतील, आम्ही पोटास चिमटा घेऊन पोरे शिकवितो ती शेतीतून सुटावी म्हणून. तुम्ही त्यांच्या हाती पुन्हा खुरपे देता. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी कर्जाचे हप्ते आणि पडलेले भाव पाहिले त्यांच्या तोंडून तो निघाला तर त्यात नवल ते काय? परंतु मुलांस शेतीत डांबून ठेवण्यासाठी ही मंडळे काढावी, असे जर कोणाच्या मनात असेल तर त्याने या कामास हात घालू नये. मुलांस तो डाव आपल्याआधी कळेल. अमेरिकेतही या मंडळांतील बहुतेक मुले पुढे शेतकरी होत नाहीत. आज तेथे शहरांतील मुलेही सभासद आहेत, आणि यंत्रे, संगणक, स्वयंपाक, छायाचित्रण असे नाना विषय घेतात. गुंठ्यावर मूल जे शिकते ते हंगामाची वाट पाहणे, हिशेब लिहिणे, दहा जणांपुढे उभे राहून आपले काम सांगणे आणि फसले तर का फसले हे शोधणे. त्याने पुढे पेढीत नोकरी केली तरी ते वाया जात नाही. आणि जो शेतीतच राहील तो निदान दुसरे काही जमले नाही म्हणून राहिलेला नसेल.

'आमच्यात ती विद्या नाही' असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी आपल्या हातून काय चांगले होते ते एकदा मोजावे. कोणास कलम बांधता येते, कोणास गाभण गाय ओळखता येते, कोणास बियाणे निवडून टिकवता येते. फोर-एचमध्ये कित्येक स्वयंसेवक सारे मंडळ चालवीत नाहीत, एकच विषय तेवढा शिकवितात. आपल्याकडे एका माणसावर सर्व भार टाकून, तो थकला की मंडळ मोडले म्हणून हळहळण्याची रीत आहे. त्यापेक्षा चार जणांनी मिळून महिन्याचे रविवार वाटून घ्यावे. आमचे मंडळ तिसऱ्या वर्षी बंद पडले याचे कारण हेच. आम्हांस आजारपण आले आणि आमच्या मागे दुसरे कोणी नव्हते, कारण दुसऱ्या कोणास विचारण्याची आम्हांस बुद्धीच झाली नव्हती.

यंदा ते पुन्हा सुरू करण्याचा आमचा विचार आहे. या वेळी दोन जोडीदार मिळाले आहेत. त्यांपैकी एक अंगणवाडीताई आहेत आणि त्यांनी पहिल्याच भेटीत आमच्या आखणीतल्या तीन चुका दाखवून दिल्या. रोहिणी निघण्यापूर्वी वाफे आखून चिठ्ठ्या टाकावयाच्या आहेत. ज्या गावी असा विचार चालू असेल त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. वहीचा नमुना आम्ही पाठवू. लसूणवाल्या त्या मुलाचा धाकटा भाऊ आता अकरा वर्षांचा आहे. परवा तो विहिरीवर येऊन, गुंठा मिळाल्यास पाणी कोण पाजणार, असे विचारून गेला.